पोचट

मला पत्रकं लिहायला शिकवणाऱ्यांचा एकच नियम होता. वाक्य असं लिहायचं की वाचणाऱ्याला कोणीतरी खांदा धरून हलवल्यासारखं वाटलं पाहिजे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नुकती विशी ओलांडली होती आणि सावली, चामोर्शी, गोंडपिपरीच्या आठवडी बाजारांत उभी राहून ‘हे औषध नाही, विष आहे!’ असं छापलेली पत्रकं वाटत होते. बीएचसी या कीडनाशक पावडरीवर बंदी आली होती ती कागदावर. बाजारात तीच पावडर उघड्या पोत्यातून, मिरचीच्या शेजारी, राजरोस विकली जात होती. एक दुकानदार माझं पत्रक हसून घ्यायचा आणि त्याचीच पुडी करून त्यात पावडर बांधून द्यायचा. माझं डोकं फुटायची वेळ यायची.

पण मला लिहायचं आहे ते एका माणसाबद्दल. इतका धीट माणूस मी मोर्च्यांतही पाहिला नाही.

सावलीजवळच्या एका गावात मी ज्या घरी मुक्काम करायची, तिथला तो धनी. मी त्याला भाऊ म्हणायची, त्याच्या बायकोला वहिनी. धानाची शेती, बोलणं कमी. धुरळणी करायची असली की अख्खं गाव त्यालाच बोलवायचं. पावडर फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी झटकत बांधीबांधीतून, धानाच्या खाचराखाचरातून चालत जायचं, ही त्याची धुरळणी. संध्याकाळी भुवया आणि मिशा पांढऱ्या करून घरी यायचा. घरात कणगीत, ढोलीत साठवलेल्या धानातही कोपरापर्यंत हात घालून तीच पावडर कालवायचा. पाऊस पडला की बांध्यांतली पावडर शेताच्या तळ्यात, बोडीत उतरायची. त्या बोडीतले मासे आम्ही सगळे मिटक्या मारत खात होतो.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तपासून सांगितलं होतं, हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन या. वहिनीनं ते घरी सांगितलं. सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गोंडपिपरीकडची एक मुलगी पाहून ठेवली. पेरणीआधी बैठक, मग दुसरं लग्न, आणि वहिनीनं आपलं बोचकं घेऊन माहेरी जायचं. असं ठरूनही गेलं होतं. गावात कोणाची ओटी भरायची असली की वहिनीला आधीच चुलीपाशी धाडायचे. वांझ ना ती! पुरुषाला काय म्हणायचं? षंढ म्हणजे वेगळं. चर्चा वांझोटी असते, रागसुद्धा वांझोटा असतो, पण धडधाकट, मिशीवाल्या पुरुषासाठी आपल्या भाषेनं हा शब्द घडवलाच नाही.

एक दिवस मी भाऊला तोंडावर विचारलं, “भाऊ, बी न पाहता तुम्ही कधी बांधीत टाकता का?”

टाकत नव्हता. पेरणीआधी तिथे धान मिठाच्या पाण्यात बुडवतात. भरलेला दाणा तळाशी बसतो, पोचट दाणा वर तरंगतो. वरचा काढून फेकायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ धुतलेला सदरा घालून अंगणात उभा. “चाला मंग चंद्रपूरले.”

एस.टी.त आम्ही तिघं. वाटेत मूल नावाचं गाव लागतं. कंडक्टर ओरडला, “मूल, मूल! मूल कोनाले पायजे?” गाडी नेहमीसारखी हसली. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. मी मात्र वीर्य कसं तपासतात ते सविस्तर समजावत होते. शेवटी भाऊ हळूच म्हणाला, “ताई, आता डायवरलेबी समजलं. बस करा.”

डॉक्टरीणबाईंनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काही दवाई घेता का?”

“घेत नाई जी. मारतो.”

“मारता? कोणाला?”

“किडीले.”

डॉक्टर हसले, आणि मध्येच थांबले. कोणती पावडर, किती वर्षं, उघड्या हातानं का, असं एकेक विचारत गेले. काही दिवसांच्या अंतरानं दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा तेच निघालं. भाऊचं बी जवळजवळ नव्हतंच.

“अशी पावडर शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षं बसून राहते,” डॉक्टर म्हणाले. “पुरुषाच्या बीजावर तिचा परिणाम होतो असा संशय घ्यायला जागा आहे. पण तुमच्या बाबतीत तिनंच केलं, असं मी सांगू शकत नाही. लहानपणचं गालगुंड असेल, जन्मापासूनचं काही असेल.”

मी भांडायला उठले. लिहून द्या म्हटलं! भाऊनं मला हातानंच खाली बसवलं. “डाक्टरसाहेब, येक सांगा. हिच्यात नाई ना?”

“नाही.”

“बस. येवढंच पायजे होतं.”

परतताना गाडी सुटली आणि तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरनं पुन्हा तेच विचारलं, “मूल कोनाले पायजे?” भाऊ म्हणाला, “मूल नको जी. आमाले तीन सावली द्या.” वहिनी तोंडाला पदर लावून हसली. ती हसते कशी ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बैठक मात्र मोडली नव्हती. सासूपुढे रिपोर्ट म्हणजे कागद. पाहुणे आले, अंगणात बसले, चहा झाला. मुलीच्या मामानं रीतीप्रमाणे विचारलं, “पयलीत दोष काय?”

“वांझ हाये,” सासू म्हणाली.

भाऊ पाण्याचा गडवा घेऊन येत होता. त्यानं तो खाली ठेवला. “माय, थे वांझ नाई. मी पोचट आहो.”

कोणीतरी फिसकन हसलं. मामाला कळेना. “म्हंजे?”

“म्हंजे पान्यावर तरंगनारा. चंद्रपूरले दोनदा पाह्यलं. तुमची पोरगी आनली तरी बांधी रिकामीच राह्यते.”

“मंग आमाले काऊन बलावलं बावा?”

“मी नाई बलावलं. पन आता आलेच तं जेवून जा.”

आणि ते जेवून गेले! वाढायला वहिनी होती. सासू भिंतीकडे तोंड करून बसली, पुढे कितीतरी दिवस कोणाशी बोलली नाही. वहिनीचं बोचकं काही बांधलं गेलं नाही.

भाऊला नाव चिकटलं ते मात्र कायमचं. बाजारात लोक हाक मारायचे, “ओ पोचटभाऊ!” आणि हा वळून ओ द्यायचा. पुड्या बांधणारा तो दुकानदार म्हणाला, “काय पोचट, देऊ का पावडर?”

“थ्यानंच तं पोचट झालो. तुलेबी व्हाचं हाये का?”

दुकानांची अख्खी ओळ खिदळली, पण दोघा-तिघांनी हातातल्या पुड्या परत ठेवल्या. माझ्या पत्रकानं एकही पुडी परत गेली नव्हती. मी म्हटलं, “भाऊ, डॉक्टरांनी तसं नक्की सांगितलेलं नाही हां.”

“तुमी पत्रकात नक्कीच सांगता ना, ताई.”

त्यांना मूल झालं नाही. लोक गोष्टीच्या शेवटी हे विचारतातच, म्हणून सांगितलं.

त्या वर्षी पेरणीच्या आधी मी गेले तेव्हा अंगणात मिठाच्या पाण्याचं घमेलं होतं. दारातून दिसणाऱ्या ढोलीत पावडरीऐवजी कडुनिंबाचा पाला घातलेला. वहिनी वर आलेलं धान ओंजळीनं काढत होती, फेकायला उठली. इतके दिवस गप्प असलेली सासू ओसरीवरून म्हणाली, “नको फेकू वं. धुऊन ठेव. कोंबड्यायले होते.”

भाऊनं घमेल्यातला हात बाहेर काढला नाही. मानही वर केली नाही. खांदे मात्र हसण्यानं हलत होते.