भरल्या गाडीचा चढ

यवतमाळात मी लॉजवर उतरले हे आईला कळलं असतं, तर ती आधी रागावली असती आणि मग तिने वरण गरम करायला ठेवलं असतं. पण आई गेली, वडील त्याआधीच गेले, आणि आमचं इथलं घर विकलं त्यालाही आता बराच काळ झाला. लॉजच्या मॅनेजरने विचारलं, "मॅडम, गाव कोनतं?" मी पुणे सांगितलं आणि खोलीत जाऊन बराच वेळ पंख्याकडे बघत पडले.

माझी गाडी घेऊन मी आले होते एका डब्याची परीक्षा घ्यायला. टर्बो गाडीत धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. आमचा मुठीएवढा डबा इंजिनाच्या संगणकाला हळूच चकवतो, मग इंजिन आणखी हवा आणि आणखी डिझेल घेऊन गाडीला पळवतं. तीन वर्षं खपून मी तो बनवला होता. पुण्याच्या आसपास तो झकास चालला. आता भर उन्हात, भरलेल्या गाडीनिशी, चढावर तो टिकला तर विक्री सुरू, नाहीतर कंपनीचे साहेब हे काम गुंडाळणार होते. काम गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. ऊन आणि मोकळा रस्ता दोन्ही हवं म्हणून यवतमाळचं नाव मीच सुचवलं होतं.

सकाळी तर्री-पोहे खाल्ले. तर्रीने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला. तिथून लोहाऱ्याला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत माणसांच्या वजनाची वाळूची पोती मिळणार होती. दुकानदार शटरला टेकून उभा होता.

"आज नाई होत मॅडम. ट्रॅक्टर बंद पडला. उद्याच्याले पाहू."

उद्या म्हणजे कधी, हे यवतमाळच्या माणसाला विचारायचं नसतं, एवढं मला अजून आठवत होतं. मी तशीच घाटंजीच्या रस्त्याला लागले.

सागाची झाडं उघडी पडली होती. शेतांत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) तशीच उभी होती, उपटायलासुद्धा कोणाचा हात उठला नव्हता. कापसाला भाव नव्हता अशी ती वर्षं. एरवी कापसाच्या गाड्यांनी अडलेल्या त्या रस्त्यावर मी हवा तेवढा वेग धरू शकत होते. माझ्या कामाला हे फारच सोयीचं होतं आणि त्याची मला लाज वाटली.

घाटंजीत बाजार होता. मिरच्यांचे ढीग, दोरखंडं, मातीचे माठ, आणि परतीच्या वाहनाची वाट बघत सावलीला बसलेली माणसं. तिथे मला युक्ती सुचली. वाळू नाही तर नाही, जिवंत वजन काय वाईट? मी काच खाली करून ओरडले, "यवतमाळच्या वाटेवर कोणाला यायचंय का?"

चार जागा भरायला वेळ लागला नाही. मागे सासू-सून आणि एक बकरीवाले काका बसले. बकरी पायाशी. पुढे, माझ्या शेजारी, एक म्हातारी बंजारा बाई आली. दंडभर पांढऱ्या बांगड्या, मांडीवर मिरच्यांचं गाठोडं. सगळे तिला याडी (आई) म्हणत होते.

"पैसे किती घेशीन?" याडीने विचारलं.

"पैसे नकोत. मला वजन हवंय." मी डब्याची गोष्ट सांगितली.

काका हसले. "मंग बकरीचं बी धरा ना! तिचं काहून सोडता?"

त्यावर सासूबाईंनी सुनेचं वजन माहेरी जाऊन आल्यावर किती वाढलं ते सांगितलं आणि गाडीत एकच हशा पिकला. मीही हसले. या गाडीत माझ्याशिवाय कोणी बसल्याचं मला आठवेना.

पण घोटाळा माझाच झाला. कोणाला कुठे उतरायचंय हे मी विचारलंच नव्हतं. मोठा चढ लागण्याआधीच काका बकरीसह उतरले, पुढच्या फाट्यावर सासू-सून. चढाच्या पायथ्याशी याडीचा तांडा होता. मी गाडी थांबवली, पण याडी उतरेना.

"आता तुयं वजन गेलं ना व?"

"गेलं. जाऊ दे याडी, मी बघते काहीतरी."

"पाहतं काय? चाल घरी. वजन लय पडलं हाय घरात." (इकडे 'बघतेस'चं 'पाहतं' होतं.)

घराच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला होता. भाव येईल म्हणून दिवाळीपासून राखलेला. माणसं त्याच्या कडेच्या चिंचोळ्या जागेत झोपत होती. याडीच्या दोन सुनांनी जुन्या लुगड्यांत कापूस बांधला, पायांनी दाबला, काट्यावर तोलला आणि माझ्या गाडीत ठासून भरला. तीन माणसांचं वजन होईपर्यंत मागच्या काचा पांढऱ्या झाल्या. तोवर मला बाटी (ज्वारीची भाकर), ठेचा आणि गळवाणी (गुळाचं पातळ गोड पेय) मिळालं. पुढची जागा भरायला याडी स्वतः येऊन बसली.

"मी बसतो. कापसापेक्षा जड हावो मी."

आधी डबा न लावता चढ चढले. गाडी रेड्यासारखी हळू, पण धुराची उष्णता दाखवणारा काटा शांत होता. खाली येऊन डबा जोडला आणि पुन्हा निघाले. काय सांगू! भरलेली गाडी चढावर अशी उसळली की याडीने दरवाजाची मूठ धरली.

"माय व! पयून राह्यली गाडी!"

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या वळणावर काटा हलला. तिसऱ्यावर लाल खुणेला टेकला आणि पलीकडे गेला. समोर दिवा पेटला, इंजिनाने अंग काढून घेतलं आणि गाडी रांगत रांगत माथ्यावर येऊन थांबली. जळक्या तेलाचा वास सुटला. तीन वर्षं, असं मी मनात म्हटलं आणि डोळे भरून आले.

आम्ही सावलीला बसलो. याडीने माझ्याकडे नीट पाहिलं.

"घरी कोन हाय तुया?"

"कोणी नाही."

तिने पदरातले फुटाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवले.

माथ्यावर फोनला रेंज होती. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, एवढं कशाला मनाला लावून घेतेस? आपलं गिऱ्हाईक कोण? गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस असतो. उद्या एकटी चढव आणि तेच आकडे पाठव."

डबा काढून, कापूस परत पोचवून मी निघाले. सुनांनी गाठोडी पुन्हा त्याच जागी रचली. याडी म्हणाली, "डाव फसला तं फसला. जेवाले येत जाय." मी हो म्हटलं. खरं तर कधी येणार, हे मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा जोडून एकटीच चढावर गेले. शेजारची जागा रिकामी, मागची रिकामी. गाडी सरसर चढली. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर मी इंजिन बंद केलं, तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. पुण्यात तीन वर्षं मी हा डबा एकटीनेच चालवून पाहिला होता. उष्णता, वेग, डिझेल, सगळं एका माणसाच्या वजनावर बसवलं होतं. भरलेली गाडी परीक्षेच्या यादीत होती, पण डबा बनवताना गाडीत खरंच आणखी कोणी असेल हे मला कधी सुचलंच नाही. कारण कधी कोणी नव्हतं. त्या रिकाम्या रस्त्यावर मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. डब्यासाठी नव्हे.

पुण्याला पोचल्यावर मी अहवाल लिहिला. एकटीचे आकडे लिहिले, भरल्या गाडीचेही लिहिले. खाली सूचना घातली: 'गाडीत माणसं बसणार असतील तर हे यंत्र लावू नये.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. "हे वाचून कोण विकत घेईल?"

"माझ्यासारखं एकटं कोणीतरी," मी म्हटलं, "पण त्यालाही विकू नका."