रजिस्टरमधल्या सात वेळा

"मम्मा, पहले सुनो!" म्हणत ती इअरफोनचं एक टोक माझ्या कानात कोंबायची. नमस्कार-चमत्कार नंतर. इथं आखातात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगची ही युगांडाची लेडी गार्ड, हिंदी इथंच शिकलेली. तुमच्याही लॉबीत अशी कुणी असेल, आपण मान हलवून लिफ्टमध्ये शिरतो. मीही शिरले असते, पण हिनं शिरू दिलं तर ना!

तिला दिवस गेले होते. नवरा दूर मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, भेट फक्त रविवारी. इथं कामाला आलेल्या काळ्या गरोदर बायकांसाठी तिच्या देशातली एक नर्स रोज फोनवर धडा पाठवायची. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या तर त्या कशा ओळखायच्या, पोट कडक होऊन सैल पडतंय का, कंबर धरतेय का, पाणी जातंय का. "आपल्या बायकांचं दुखणं लोक मनावर घेत नाहीत, म्हणून वेळ लिहून ठेवा," असं ती नर्स बजावायची.

हिचं पहिलं बाळ सहाव्यातच गेलं होतं. "तब फोन नहीं था मम्मा, मालूम ही नहीं था," असं हसत सांगायची, पण पोटावरचा हात काही हलायचा नाही. मला त्या हाताचीच भीती वाटायची.

"अगं, मी दोन बाळंतपणं केलीत, मेरा सुन," मी म्हणायचे.

"मम्मा, तुम बहुत ओल्ड मॉडेल," ती फटकन म्हणायची.

सातवा लागला. एका दुपारी भाजी घेऊन आले तर ही टेबल धरून उभी. "मम्मा, पेट टाइट." आता काय सांगू तुम्हाला माझं शहाणपण! "गॅस है, सातवें में होता है," म्हणत वर गेले, ओव्याचं पाणी उकळलं, शेकायची पिशवी आणली. मोठ्या बाईचा मान म्हणून तिनं ते मुकाट्यानं प्यायलं. मी तिची कंबर शेकत बसले, चांगला तासभर.

मग तिनं व्हिजिटर्सचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. पाहुण्यांच्या रकान्यात तिचं स्वतःचंच नाव, सात वेळा. शेजारी वेळ: दोन दहा, दोन वीस, दोन एकोणतीस...

"मम्मा, ये गॅस नहीं है."

गाडी कशी काढली, देव जाणे. दर कळेला ती दाराचं हँडल आवळायची आणि मी नवस बोलायचे. बाळाला काही झालं तर ते माझ्या हातून, एवढंच डोक्यात.

रजिस्टर तिनं काखेत आणलं होतं. हॉस्पिटलात ते पाहून डॉक्टरीणबाई कडाडल्या, "इतनी देर क्या कर रहे थे?"

मी तोंड उघडलं, पण ही आधीच म्हणाली, "रिलीव्हर नहीं आया, ड्यूटी छोड़ के कैसे आती?"

इंजेक्शनांनी दोन दिवस मिळाले, बाळाच्या फुप्फुसांना तेवढीच उसंत. मुलगी झाली, वीतभर. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. त्या पाच आठवड्यांत फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. पोर तगली.

मग ती गावी निघाली. टॅक्सीत बॅगा चढल्या आणि तिनं बाळ माझ्यापुढे धरलं. मी दोन पावलं मागे सरले.

"वो एक घंटा मेरी वजह से गया," मी एकदाची बोलले. रडूच फुटलं.

"मालूम है, मम्मा," ती म्हणाली आणि पोर माझ्या हातात दिली. "गर्दन के नीचे हाथ रखो."