मधाच्या खोक्यातली अंडी

टपालखात्याच्या पार्सलखोलीत एकतीस वर्षं काढल्यावर मावशींना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: खोक्यावर 'नाजूक' लिहिलं की ते हमखास आपटतं. मुद्दाम कुणी आपटत नाही. पण दिवसाकाठी शेकडो खोकी हातांखालून जातात, निम्म्यांवर तोच शब्द असतो, आणि मग तो शब्द दिसेनासाच होतो. मावशींनी स्वतः कितीतरी नाजूक खोकी चार हात लांबच्या पोत्यात टाकली होती. नेम कधी चुकला नाही, याचा तेव्हा अभिमानच वाटायचा.

म्हणून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बेबी, वर 'मध' लिही. 'मध, सांडेल', एवढंच."

"अगं ताई, अंड्यांना मध म्हणू?" साठी उलटली तरी ती सगळ्यांची बेबीच होती.

"खुशाल म्हण. मधाचं खोकं कुणी आडवं करत नाही. गळलं तर दिवसभर हात चिकट, वर साहेबांची बोलणी. मध उभाच जातो."

बेबीनं त्याच आठवड्यात अंगणाचं घर सोडलं होतं. लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावर, कोंबड्या कुठे ठेवणार? आईनं सांभाळलेल्या कोंबड्यांचा तो वंश: बुटक्या, राखाडी ठिपक्यांच्या, पायांवरसुद्धा पिसं. बेबीनं त्या शेजारणीला दिल्या आणि तिसऱ्याच दिवशी तिथं कुत्रा शिरला. एकही उरली नाही. निघण्यापूर्वी गोळा केलेली बारा अंडी तेवढी टोपलीत होती. ती उबली नाहीत, तर ती कोंबडी जगात कुठे दिसणार नव्हती. निदान या दोघी बहिणींच्या जगात तरी नाही.

सोमवारी सकाळी मावशी आपल्या जुन्या कचेरीत गेल्या. खिडकीवरच्या बाईंना काम त्यांनीच शिकवलं होतं. त्या हसत उठल्या.

"मावशी, तुमचा मध शनिवारीच आलाय! कुणाला हात लावू दिला नाही. आणि थंडीत मध घट्ट होतो ना, म्हणून खास उन्हाच्या खिडकीत ठेवलाय. उभा!"

काचेतून ऊन थेट खोक्यावर पडलं होतं. शनिवारची दुपार, रविवारचा सगळा दिवस. मावशींनी खोक्याला हात लावला. कोमट. अंड्यातला जीव अशा उबेनं जागा होतो आणि मग गारठ्यात तिथंच थांबतो, हे त्यांना बेबीनंच कधी तरी सांगितलं होतं. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मावशी एवढंच म्हणाल्या, "फार जपलंस गं."

घरी नवऱ्यानं अंडी उबवायचं यंत्र तयार ठेवलं होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं. जुन्या खोक्यात दिवा, बारकासा पंखा, पाण्याची वाटी आणि झाकणाला चष्म्याची मोठी काच, आत बघायला.

"या काचेतून बारीकसुद्धा मोठं दिसतं," ते म्हणाले. "तुझ्या खात्याचे प्रताप तेवढे बारीक दिसत नाहीत."

"माझ्या खात्यानं उभं आणलंय! चूक असेल तर माझी. मीच मध म्हटलं."

प्रवासाच्या हिंदकळण्यानं अंड्यातली हवेची पोकळी हलली होती. म्हणून दिवसभर ती निमुळतं टोक खाली करून विसाव्याला ठेवली आणि मंगळवारी यंत्रात गेली. पहिले काही दिवस फिरवायचीही नव्हती.

दुपारी मावशी काचेपाशी बसत. आत नारिंगी उजेड, पंख्याची मंद घरघर, बाहेर पडद्यावर हलणारी झाडाची सावली. बघता बघता त्यांच्या डोळ्यांपुढून जुनी खोकी सरकू लागत. दोरीनं बांधलेली, लाखेनं मोहोरबंद केलेली, कोपरे दबलेली. त्यांत काय काय असेल याचा विचार इतक्या वर्षांत केला नव्हता, वेळच नव्हता. आता मात्र प्रत्येकात काही तरी हळूच श्वास घेतंय असं वाटे. कुणाचा बाळंतविडा, कुणाच्या आजोबांचा चष्मा, कुणाची पेटी. मावशी ती खोकी एकेक करून उचलत आणि अगदी सावकाश खाली ठेवत. जाग आली की हात मांडीवर उताणे असत, जणू आत्ताच काही तरी ठेवून मोकळे झालेत.

सातव्या दिवशी अंडी अंधारात दिव्यासमोर धरून बघायची होती. खोलीत अंधार होत नव्हता, म्हणून भर दुपारी दोघं दुकानातला तपासणीचा दिवा घेऊन रजईखाली शिरले.

"या वयात कुणी बघितलं तर काय म्हणेल!" नवरा कुजबुजला.

"म्हणू दे. दिवा सरळ धरा."

पाच अंडी नितळ होती, पाण्यासारखी. तीन अंड्यांत लाल कडं दिसलं. जीव धरला होता आणि थांबला होता. मावशींनी ती बाजूला ठेवली. उरलेल्या चारांत मात्र बारीक शिरांची जाळी होती, आणि मधोमध एक गडद ठिपका थरथरत होता.

"हा डोळा आहे बघ," नवरा हळूच म्हणाला. जन्मभर त्यांनी माणसांचे डोळे बघितले होते. "अजून नजर यायचीय."

बेबीनं फोनवर विचारलं नाही. हवापाणी, लेकीचं घर, लिफ्टचा आवाज, सगळं बोलली. अंड्यांचं नाव काढलं नाही. मावशींनीही काढलं नाही. पुढच्या तपासणीत आणखी एक गेलं. राहिली तीन.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवलं. आता एकविसाव्यापर्यंत झाकण उघडायचं नव्हतं. आणि एकोणिसाव्या दिवशी, दुपारची डुलकी लागत असताना, मावशींना कुणी तरी बोलल्यासारखं वाटलं.

"अहो, पंखा वाजतोय का?"

"पंखा असा नाही वाजत."

दोघं काचेवर वाकले. एका अंड्यावर चांदणीएवढी चीर पडली होती. आतून आवाज येत होता, पातळ, हट्टी.

"दोन दिवस आहेत की अजून!" नवरा म्हणाला.

मावशींना तेव्हा ती उन्हाची खिडकी आठवली. तो दीड दिवस कुणाला पुरता थांबवून गेला होता. या एकानं मात्र तो आपल्या मोजणीत धरला होता. त्यांना एकदम हसू आलं आणि डोळेही भरले.

त्यांनी बहिणीला फोन लावला. "बेबी, काही बोलू नकोस. नुसतं ऐक." फोन काचेला टेकवला.

आतला आवाज थांबला. पलीकडेही शांत. पंखा फिरत राहिला. मग चौथ्या मजल्यावरून, कोंबड्यांना दाणे टाकताना मारायची तीच हाक आली, आधी दबकी, मग मोकळी: "तीऽ ती ती ती."

अंडं हललं. आतून उत्तर आलं. आणि क्षणभरानं, शेजारच्या दुसऱ्या अंड्यातूनही.