झाकणाखालचा उजेड

तुमच्या इमारतीखालून जाणारा गटाराचा पाइप गोल आहे, असं नकाशात लिहिणाऱ्याने आत पाहिलं होतं का?

मी तेच लिहायचं काम करते. इंद्रलोक सोसायटीच्या बाजूला भर दुपारी आम्ही एका लाइनीचं माप घेत होतो. दोन्ही टोकांच्या चेंबरमध्ये पाइप गोल, नऊशे मिलिमीटर. माणूस वाकून जाईल एवढा. मधला भाग कुणी मोजत नाही; टोकाचं माप सगळ्या लाइनीला लागतं.

पाइप सरळ आहे का, हे आरशाने पाहतात. पलीकडच्या चेंबरमधून माझ्या कामातल्या जोडीदाराने, दादाने, आरशावरून ऊन आत सोडलं. मी इकडून वाकले. उजेड गोल दिसायला हवा होता. दिसली आडवी फट, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी. मग ती मिटली. सावकाश उघडली.

"दादा, आरसा हलवू नको!" मी फोनवर ओरडले.

"हलवतोय कशाला? काठाला टेकवून ठेवलाय."

फट पुन्हा मिटली. गटाराची हवा कोमट असते. तोंडावर आली ती गार होती.

टॅबवर आकाराच्या रकान्यात मी 'माहीत नाही' निवडलं.

"गोल टाक ना," आरसा घेऊन इकडे आलेला दादा म्हणाला. "ऑफिस परत पाठवेल."

"मधे दबलाय तो. उद्या कुणी आत अडकला तर?"

"पत्रकं वाटणाऱ्या आईबापांची पोर तू! आता गटारातही मोर्चा काढ."

त्याला हसू आलं, पण झाकण लावताना त्याने आत पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशात त्या लाइनीपुढे ऑफिसने 'गोल, ९००' करून टाकलं होतं. मी धावत तिथे गेले. झाकण उघडं होतं, आणि एक माणूस कमरेला दोर बांधत होता. माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे. वर खिडक्यांत लोक नाकाला रुमाल लावून उभे होते.

"भैया, पहले देखो," म्हणत मी त्याला थांबवलं. माझ्यामागून आलेल्या दादाने पलीकडे आरसा धरला.

तो माणूस वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"अंदर कोई है क्या?" त्याने हळूच विचारलं.

त्याने दोर सोडला आणि तो निघून गेला. त्याला कामाला आणणारा मुकादम म्हणाला, "दुसरा मिळेल."

नकाशात अजून गोलच आहे. म्हणून तुम्हाला सांगते: तुमच्या गल्लीत झाकण उघडून माणूस उतरवायला लागले, तर खिडकीत उभे राहू नका. खाली या. पाइपच्या मधे कुणी पाहिलंय, ते विचारा. आणि माणसाऐवजी मशीन येईपर्यंत तिथून हलू नका.