शलाकासाठी पाव

ओव्हन बंद केलाय. उद्या वर्गात न्यायचा पाव ओट्यावर निवतोय. मी सोफ्यावर टेकते, दुपारचं ऊन पायांवर, डोळे मिटतात

आणि स्पॅनिशचा वर्ग भरलेला आहे.

फळ्यावर: सण आणि खाणं. प्रश्न विचारा. उत्तर द्या.

पाटणकर मॅडम सांगताहेत, मेक्सिकोत नोव्हेंबरात मेलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं. झेंडू, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचे पदार्थ, बडीशेप घातलेला गोड पाव.

"माझे बाबा मिसळीशिवाय यायचे नाहीत," शेजारचा दिघे म्हणतो. "तेही तर्री जास्त असेल तर."

सगळे हसतात. मागच्या बाकावरही कुणीतरी हसतं.

शलाका. माझी धाकटी बहीण. हा क्लास तिनं लावला होता. आता तिच्या जागी मी येते.

"ताई, उच्चार भयंकर आहेत तुझे."

"तू इथे कशी?"

"पाव केलास ना. वास आला."

बाकांखाली पाणी आहे. नदीचा घाट. तिचा दहावा. मांडलेला पिंड, पलीकडे कावळे. मामा हात जोडून म्हणतात, "शलाका, आईला आम्ही बघू गं." कावळा हलत नाही. "ताईचं लग्न लावून देऊ." हलत नाही. ऊन चढतं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. आई तेव्हापासून एकच विचारते, माझ्या पोरीचं काय राहिलं?

"काय राहिलं होतं, शलू?"

"काहीच नाही."

"मग कावळा का शिवला नाही?"

"मीच नको म्हटलं त्याला. शिवला की जावं लागतं."

तिचे गाल आत गेलेत. मनगटाची हाडं दिसताहेत.

"तेव्हापासून उपाशी आहे गं."

टेबल. झेंडू. पाव.

प्रश्न विचारा.

"हा खाल्लास तर?"

"तर जाईन."

"आणि नाही खाल्लास तर?"

उत्तर द्या.

ती पावाकडे बघत राहते. मग हात पुढे करते.

"ताई, दे ना."

मी पाव उचलते.

जाग येते तेव्हा मी ओट्यापाशी उभी आहे. ताटात नुसता चुरा. तोंडात बडीशेप. साखर माझ्या ओठांवर.

खिडकीच्या गजावर कावळा बसलाय. मान वाकडी करून ताटाकडे बघतोय.

मी चुऱ्यावर झाकण ठेवते.