गोधडीतला भात

आमच्या मेसमध्ये भात थंड मिळतो, असं कुणी म्हटलेलं आईला खपत नसे. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी हिंजवडीला नोकरी करणारी मुलं जेवायला यायची. अमेरिकेच्या वेळा सांभाळून कंपनीची बस त्यांना सोडायची तोवर अख्खी पेठ झोपलेली असे. म्हणून आई भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची. उरलेला भात सकाळी फोडणीला पडायचा. साता समुद्रापलीकडचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या मुलांना आपलं ताट उचलायचं सुचत नसे, पण फोडणीच्या भातावरून मात्र ती भांडायची.

त्या सकाळी चौघांनी तो खाल्ला. दुपार व्हायच्या आत चौघंही ओकत होते. तिघं संध्याकाळपर्यंत सावरले. चौथ्याला दुपारच्या जेवणाला सवड मिळणार नव्हती, म्हणून तो दोन बशा संपवून गेला होता. तो सावरला नाही. त्याचं लिव्हर निकामी होत चाललंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि काय खाल्लं होतं ते विचारलं.

मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होते. उत्तर ऐकलं आणि मी तडक घरी आले. पातेल्यात राहिलेला भात मी आमच्या विभागात नेऊन तपासून घेतला. भातात जिवाणूंनी विष केलं असावं, हा माझा अंदाज चुकावा, एवढी एकच आशा होती. तो चुकला नाही.

आईचं एकच पालुपद चाललं होतं, की मी चांगली दणदणीत वाफ काढली होती. ते खरंच होतं, आणि मला तेच तिला समजावून सांगायचं होतं. सांगताना मला त्या पुस्तकी शब्दांचाच संताप येत होता. हे जिवाणू तांदळात असतातच. भात शिजताना ते मरतात, पण त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जीव, उकळीतही तग धरतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढायला लागतात. विष लगेच करत नाहीत. खायला मुबलक असतं तोवर ते काम ते स्वतःच दाबून ठेवतात. गर्दी वाढली, हवं ते अन्न कमी पडायला लागलं, की तो दाब सुटतो. सकाळच्या फोडणीत जिवाणू मेलेही असतील, पण त्यांनी रात्रभर केलेलं विष उष्णतेला दाद देत नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी गरम ठेवला म्हणून?"

खोटं बोलावंसं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मुलाची आई बीडकडून आली होती आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायची. माझी आई मला घेऊन रोज जायची, जिन्यापाशी उभी राहायची आणि तशीच परत यायची. शेवटी एकदा त्या बाईंनीच चौकशी करून तिला ओळखलं आणि जवळ बोलावलं. म्हणाल्या, "पोरगं फोनवर सांगायचं, किती बी उशीर होऊ दे, मावशी भात गरम ठेवती."

आई म्हणाली, "त्याच भाताने झालंय हो हे."

आता त्या ओरडतील, असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर आईला सोपं गेलं असतं. भाताला वास येत होता का, एवढंच त्यांनी विचारलं. आईने नाही म्हणून मान हलवली.

"मग तुमाला तरी कसं कळावं," त्या म्हणाल्या, आणि सरकून बाकावर जागा केली.

आई बसली नाही. हात जोडून ती जिना उतरली, आणि मी तिच्यामागे.

दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. मेस बंद करा, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आईनेच केली. आता आमच्याकडे भात उरतच नाही, इतका मोजका लागतो. तो वाढताना कधीतरी तिचा हात मध्येच थांबतो आणि ती म्हणते, मी बसायला हवं होतं. कुठे, ते मी विचारत नाही.