बनीच्या उतारावरची तार

मुलांनो,

परवा तुमच्यापैकी धाकट्याने मला एक नकाशा पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'आजी, डिसेंबरमध्ये येतोय. फरीदाबाद ते गुरुग्राम, सायकलवर, सगळं अरवलीतून. एकही गाडी नाही, नुसती खडीची वाट! तुला माहीत होतं का?'

माहीत होतं. त्या रेघेच्या साधारण मध्यावर एक उतार आहे. तिथे एक माणूस मेला आणि त्या गुन्ह्याचा तपास माझ्याकडे होता. नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मिसळलेलं नाही. धाकट्या, तू त्या उतारावर जाण्याआधी ते तुला कळावं, म्हणून आत्ताच लिहिते आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

मी तेव्हा त्या भागाची एसीपी होते. थंडीच्या दिवसांत, सकाळी, वनखात्याच्या गार्डचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा सायकल झुडपात होती आणि सायकलवाला वाटेवर. तिशीतला इंजिनिअर, गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला. हेल्मेट शाबूत होतं. गळा कापला गेला होता. वाटेच्या दोन बाजूंना धौची दोन झाडं आहेत. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊ, तिकडच्या खडकात जेमतेम वाढणारा. त्या दोन खोडांमध्ये कुणीतरी बारीक लोखंडी तार ताणून बांधली होती. उतारावर वेगात असताना ती दिसणं शक्यच नव्हतं.

पंचनामा झाला. तार जप्त केली. तारेखाली दोन्ही खोडांवर रबराच्या घड्या होत्या, त्याही पाकिटात घालून सील केल्या. त्या वेळी त्यांचा कुणी विचार केला नाही.

दुपारपर्यंत खबर आली. गावाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणाऱ्या आमच्या खबऱ्याने सांगितलं की, मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या गुराख्याचं सायकलवाल्यांशी भांडण झालं होतं. त्याच्या शेळीला धक्का लागला होता आणि तो ओरडला होता, 'अब के आए तो गिरा दूँगा!' ठाणेदाराने त्याच्या झोपडीची झडती घेतली. कुंपणाला तशीच तार होती. संध्याकाळी त्याला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

टीव्हीवाल्यांना खुनी मिळाला होता. त्या इंजिनिअरचा सायकलवाल्यांचा गट मेणबत्त्या घेऊन ठाण्याच्या फाटकाशी उभा राहू लागला. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, नोकरी लवकर सोडलेला, अतिशय सभ्य माणूस. या सगळ्या वाटा त्यानेच शोधल्या होत्या. दर रविवारी फेरी संपली की गटातले लोक झाडांना ठोकलेले खिळे आणि जाहिरातींचे पत्रे उपटून काढत, हा नेमही त्याचाच. तो रोज यायचा, गुराख्याच्या कोठडीसमोरून चालत माझ्या खोलीत यायचा आणि विचारायचा, 'मैडम, केस मज़बूत है ना?'

गुराख्याची चौकशी मी स्वतः केली.

'झगड़ा हुआ?'

'हुआ जी. गाली भी दी. एक ना, चार दी.'

'तार तुम्हारी है?'

'वैसी तार तो सारे गाँव में है जी. पर वो बनी है, मैडम जी. बनी में हम दातुन भी ना तोड़ते. वहाँ पेड़ को तार से कसूँगा?'

बनी म्हणजे देवराई. शेजारी उभा असलेला ठाणेदार हसला. 'मैडम, कसमों पे छोड़ने लगे तो शाम तक हवालात खाली!'

त्याचं चुकत नव्हतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा माणूस सहसा भांडणही नाकारतो. यानं शिव्यासुद्धा मोजून सांगितल्या.

त्या आठवड्यात जेवताना मी तुमच्या आजोबांना सहज विचारलं, 'अहो, झाडाला तार बांधताना खाली कुणी रबर का घालेल?'

'साल कापली जाऊ नये म्हणून. आपल्या गच्चीतल्या कढीपत्त्याला मी माझी चप्पल कापून लावली नाही का?'

'ती चप्पल तुम्ही कापलीत? मी कामवालीला बोलले होते!'

'मग आता तिची माफी माग. आणि वरण वाढ.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पाकिटं पुन्हा मागवली. रबर सायकलच्या ट्यूबचं होतं, नीट कात्रीने कापलेलं. माणसाच्या वाटेत तार ताणताना झाडाच्या सालीची काळजी घेणारा माणूस कोण असेल? मी म्होरक्याला बोलावलं. आरोपी म्हणून नाही, वाटांचा जाणकार म्हणून.

तासभर तो शांतपणे उत्तरं देत होता. त्या वाटांवर मोटरसायकली उडवायला येणाऱ्या पोरांचा विषय निघाला तेव्हा मात्र आवाज चढला. 'जंगल को सर्कस बना दिया है इन लोगों ने. एक ही तो जगह बची थी जहाँ इंजन की आवाज़ नहीं थी!' इंजिनिअर मेला त्या आठवड्याची रविवारची फेरी त्याने दुसऱ्या वाटेने ठरवली होती. का, असं विचारल्यावर म्हणाला, 'बस, चेंज के लिए.'

माझ्या हातात पुरावा नव्हता. मी समोरची फाइल उघडली आणि जे खरं होतं तेच त्याला सांगितलं. तारेचे वळ तपासायला प्रयोगशाळेने दोन्ही खोडांचे तुकडे मागवले होते. वनखात्याची परवानगी आली की झाडं कापायची होती.

'दोनों?'

'दोनों.'

त्याने हात पुढे करून फाइल मिटवली. मग म्हणाला, 'मत काटिए. तार मैंने बाँधी थी.'

त्याला मोटरसायकलवाल्यांना धडा शिकवायचा होता. ताठ बसलेल्या माणसाच्या छातीला लागेल अशी उंची त्याने मोजली होती. पडतील, घाबरतील, पुन्हा येणार नाहीत. पण या सायकलींचं हँडल खाली वळलेलं असतं आणि स्वार पुढे वाकलेला असतो. त्याचा गळा नेमका त्या उंचीवर येतो. आयुष्यभर सायकल चालवलेल्या माणसाला हे सुचलं नाही, कारण त्याच्या मनात आपली माणसं नव्हतीच. रविवारी पाहुणे येणार म्हणून तो इंजिनिअर एकटाच आदल्या दिवशी निघाला. म्होरक्या त्याच्या अंत्यसंस्काराला गेला होता. तिथे इंजिनिअरच्या पत्नीचा हात धरून उभा होता.

मी विचारलं, 'उस बूढ़े के लिए क्यों नहीं बोले?'

'लगा, सबूत नहीं है तो छूट ही जाएगा.'

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमोर त्याच्या घरी गेलो आणि त्याने गॅरेजमधून उरलेली तार आणि कापलेली ट्यूब काढून दिली. तुकडे जुळले. झाडं कापावी लागली नाहीत. सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली.

पुढे अनेकदा मनात आलं, की मी चोर, दरोडेखोर, बायकांना जाळणारे पाहिले. पण या माणसाइतकी भीती कुणाची वाटली नाही. तो क्रूर नव्हता. त्याचं जंगलावर खरोखर प्रेम होतं. त्या प्रेमात धौची दोन झाडं मावली, कोठडीतला म्हातारा मावला नाही. तेव्हापासून कुणी एखाद्या गोष्टीवरच्या प्रेमाचा दाखला देऊ लागलं, की त्या प्रेमाबाहेर कोण उभं आहे ते मी आधी पाहते. नकाशावर जिला तू रिकामी वाट समजतोस, तिच्यावरून शेळ्या जातात, चाऱ्याचे भारे घेतलेल्या बायका जातात. ती कधीच रिकामी नव्हती.

गुराखी सुटला तोवर वकिलासाठी घरच्यांनी कळप विकून टाकला होता. त्याला घरी सोडायला मी गेले. म्हटलं, चुकीच्या अटकेबद्दल तक्रार करता येईल, मी लिहून देते.

'शिकायत से बकरी आवेगी?' तो म्हणाला. दार उघडता उघडता पुढे म्हणाला, 'एक बात कह दो उन साइकिल वालों से. बनी के आगे उतर के चलें. हम भी जूती उतार के जावैं हैं.'

पंचायतीने तेच सांगितलं आणि गटाने मान्य केलं. म्हाताऱ्याने पुन्हा शेळ्या घेतल्या नाहीत. तो वारला त्याला बराच काळ झाला. गटातले जुने लोकही आता पांगले आहेत.

तुझ्या नकाशात ही गोष्ट नाही, म्हणून सांगते. तिथे पाटी नाही, पहारा नाही, दंड नाही. तरी आजही प्रत्येक सायकलवाला त्या उतारावर खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालत जातो.